शेतांची नावं

दादा, पेपरात तुझी बातमी आली होती. आतल्या पानावर, नव्या फ्लॅटच्या जाहिरातीच्या वर, चार ओळी. 'पनवेलचे ज्येष्ठ व्हायोलिनवादक कालवश.' वाचल्या वाचल्या मला वाटलं, आता तुझा फोन येणार. "नलू, बघितलंस? मेल्यावरसुद्धा वादकच." मग तू तावातावानं बोलत सुटला असतास, मी फोन कानापासून जरा लांब धरून कुकरच्या शिट्ट्या मोजल्या असत्या, आणि तुझं संपल्यावर म्हटलं असतं की लोकांना जे दिसतं तेच लोक छापतात. स्टेजवर वाजवणारा दिसतो. घरी बसून लिहिणारा कोणाला दिसतो?

फोन आला नाही. पेपर रद्दीत टाकवला नाही, म्हणून सोफ्याखाली सरकवून ठेवला.

दहाव्याला गावाहून, ओव्याहून, सगळे आले होते. काकांचा नामदेव माझ्या शेजारी बसला होता. तो हळूच म्हणाला, "नलूबाय, दिनूदादा गानी लिवायचा ना गो?" मी म्हटलं, "गानी नाय रं. वाजवायचं लिवायचा. तो लिवायचा नि दुसरे वाजवायचे." त्यानं मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, "मंग त्याला काय म्हंतात?"

मला सांगता येईना. पनवेलच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलं मी, आणि सख्ख्या भावाच्या कामाला माझ्याकडे नीट शब्द नाही. संगीतकार म्हटलं की लोक सिनेमाचं नाव विचारतात. शास्त्रीय म्हटलं की कोणत्या घराण्याचे ते विचारतात. तू दोन्हीकडचा नव्हतास. चार तंतुवाद्यांसाठी, कधी नुसत्या बासरीसाठी, कधी वीस माणसांसाठी तू कागदावर सूर लिहायचास, आणि ते कोणी वाजवतील की नाही याची वाट बघत बसायचास. बरेचसे कोणी वाजवलेच नाहीत. नामदेवला एवढं सगळं कुठं सांगणार, तेही पिंडाला कावळा शिवायची सगळे वाट बघत असताना.

तुझी पहिली समीक्षा आईनं केली, आठवतं? तू कॉलेजात होतास. डिसोझा मास्तरांकडे चार-पाच वर्षं शिकून झाली होती. बँडमधून निवृत्त झालेले, पनवेलच्या बाजारामागे दोन खोल्यांत राहणारे म्हातारे मास्तर. त्यांनी तुला वाजवायला शिकवलं त्याहून जास्त वाचायला आणि लिहायला शिकवलं. एका सुट्टीत तू स्वतः लिहिलेलं काहीतरी ओटीवर बसून वाजवलंस. आई समोर कोळंबी सोलत होती. तुझं झालं तरी ती ऐकत असल्यासारखी थांबली, आणि मग म्हणाली, "दिन्या, तुजा गाना सपला क नाय, मना कलतच नाय."

बाबा हसले, मी हसले. तू नाही हसलास. पुढे आयुष्यभर हे वाक्य तू सगळ्यांना सांगायचास, मुंबईच्या मोठ्या लोकांनासुद्धा. म्हणायचास, आईला बरोबर कळलं होतं, मला तेच तर करायचं होतं. मला तेव्हा ते तुझं सारवून नेणं वाटायचं. आता मी तुझ्या सगळ्या कामांचे शेवट आठवते, तर एकही धड संपत नाही. सगळीकडे कोणीतरी दार उघडं टाकून गेल्यासारखं.

स्टुडिओतली तुझी वर्षं मला फारशी माहीत नाहीत. सकाळी हायवेवरून बस धरायची, सिनेमाच्या गाण्यात वीस व्हायोलिनांतलं एक व्हायोलिन वाजवायचं, रात्री परत. मग कॉम्प्युटरवर व्हायोलिनं वाजायला लागली आणि वीस माणसांना काम उरलं नाही. बाकीचे हवालदिल झाले. तू माझ्याकडे पेढे घेऊन आलास. हे म्हणाले, "दिनूभाऊ, नोकरी गेल्याचे पेढे?" तू म्हणालास, "आता मला लिहायला वेळच वेळ आहे." पुढचे काही महिने तू कसा राहिलास, काय जेवलास, ते मी विचारलं नाही. नुसते डबे पाठवत राहिले. डबे घासून परत यायचे, त्यावरून समजायचं.

मग तू शिकवण्या धरल्यास, खारघरच्या टॉवरमधल्या मुलांच्या. खारघर म्हणजे आपल्याच गावची जमीन. मी शाळेत होते, तू नुकता मिसरूड फुटलेला, तेव्हा सरकारनं नव्या शहरासाठी ती घेतली. कितीतरी वर्षं तिथं नुसतं गवत वाढत होतं. नंतर एकेक करत इमारती आल्या. आणि एका संध्याकाळी तू माझ्या घरी आलास, पायांवर पाणी घेतलंस, बसलास आणि सहज म्हणालास, "आज चोंढ्यावर शिकवून आलो."

चोंढा हे आपलं सखल शेत. भात कापून झालं तरी तिथं पाणी साचलेलं असायचं आणि आपण त्यात खेकडे धरायचो. तिथं आता एक उंच टॉवर होता, त्यात वरच्या मजल्यावर मेघना नावाची एक दहा वर्षांची मुलगी राहत होती, आणि तू तिला व्हायोलिन कसं धरायचं ते दाखवत होतास. तू हे दुःखानं सांगितलं नाहीस. तुला मजा वाटत होती. मला आठवतं, मी विचारलं, तिच्या आईला सांगितलंस का? तू म्हणालास, "काय सांगू? तुमच्या हॉलमध्ये आमचे खेकडे होते म्हणून?"

त्यानंतर आपला तो एक नादच झाला, कोणत्या शेतावर आता काय आहे ते शोधायचा. वडाखालचं आता पार्किंगमध्ये गेलंय. लांबोळीवरून सिग्नलचा रस्ता जातो. दगडीवर शाळा आहे. नामदेवला विचारलं तर त्याला दोन-तीनच नावं आठवली, तीही उलटसुलट. बाबा गेले, मग आई गेली, आणि ती नावं बोलणारी माणसं जगात आपण दोघंच उरलो. तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं. तेव्हा नुसती गंमत होती.

हे गेले त्या वर्षाबद्दल मी तुला कधी नीट काही म्हटलं नाही. तू रोज संध्याकाळी यायचास. दिवेलागणीला बेल वाजायची. सांत्वनाला येणारे बाकीचे लोक बोलत बसायचे, मृत्यूबद्दल, नशिबाबद्दल, माझ्या लेकीनं बंगलोर सोडून इकडे यावं की नाही याबद्दल. तू खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचास आणि काहीच बोलायचा नाहीस. कधी कधी मला रागही यायचा. घरात अजून एक मुका माणूस. पण सात वाजायला आले की माझे कान बेलकडे लागायचे. एकदा तू आजारी होतास म्हणून आला नाहीस, तर ती संध्याकाळ मला गिळता आली नाही. हे तुला सांगायला हवं होतं. तू मात्र म्हणाला असतास, तुझ्याकडचा चहा चांगला असतो म्हणून येतो.

आता त्या भांडणाकडे येते. ते टाळून तुझ्याबद्दल काही लिहिणं म्हणजे पेपरवाल्यांसारखंच होईल.

माझा आवाज खालचा, आईसारखा. आई गावात धवले गायची. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या बरोबरीनं तिचा मान, कारण एकेक विधी तिच्या गाण्यावर लागायचा. मला तिची गाणी आली नाहीत, आवाज आला. तू तुझ्या सुरुवातीच्या रचना त्या आवाजासाठी लिहिल्यास. आपण दोघं दादरला, पुण्याला, छोट्या छोट्या सभागृहांत जायचो. तीसेक माणसं असायची, त्यांतली निम्मी चुकून आलेली. मला खूप आवडायचं. शाळेत मी बाई होते, घरी सून होते. तिथं उभी राहिले की मी तुझ्या कागदावरचा आवाज होते.

मग गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, सगळ्यांनी देवाला नारळ फोडले. पण एक स्वरतंतू कायमचा हलायचा थांबला. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, गाणं विसरा. बोलतानाही आवाजातून हवा निसटायची. शाळेत मागच्या बाकांवर ऐकू जाईना. मी माइक घेऊन शिकवायला लागले.

तू दवाखान्यात यायचास आणि मला काहीबाही बोलायला लावायचास. भाजीचे भाव विचार, लेकीचं विचार. मान एका बाजूला कलती करून ऐकायचास. मला वाटायचं, काळजीनं ऐकतोस. घरी आल्यावर काही दिवसांनी तू म्हणालास, "नलू, तुझ्या आवाजात आता दोन आवाज आहेत. एक सूर आणि एक नुसता श्वास, दोन्ही एकदम. असा आवाज मी कुठंच ऐकलेला नाही."

तुझ्या डोळ्यांत आनंद होता, दादा. खरा आनंद. मी हातातला कप खाली ठेवला आणि म्हटलं, "हे माझं दुखणं आहे. तुझं वाद्य नाही."

तू लगेच उठून गेलास. येणं-जाणं थांबलं नाही, सणवार झाले, हे आजारी पडले, गेले, तू रोज येऊन बसलास. पण त्या विषयावर आपण पुन्हा बोललो नाही. तू माझ्यासाठी लिहिणं थांबवलंस. माझा जो सूर असायचा तिथं तू व्हिओला, व्हायोलिनहून खालच्या आवाजाचं वाद्य, वापरायला लागलास. मला ते ऐकताना कळायचं. मी कार्यक्रमाला यायचे, शेवटच्या रांगेत बसायचे, आणि व्हिओला सुरू झाला की चपलांकडे बघायचे.

मधे तुझं जर्मनीला वाजलं. तू जाऊन आलास, माझ्यासाठी वासाचं चीज आणलंस, ते मी नंतर मांजराला घातलं, तिनंही खाल्लं नाही. तिथल्या लोकांनी तुला विचारलं की यात तुमच्या गावची लोकगीतं कुठं आहेत. मुंबईतले आयोजकही तेच विचारायचे. आई धवलारीण होती हे कळलं की त्यांचे डोळे लकाकायचे. तू ठाम नाही म्हणायचास. ती गाणी आईची आहेत, लग्न लावायला आहेत, मी ती उचलून हॉलमध्ये मांडणार नाही. मला तुझा अभिमान वाटायचा. कधी कधी वाटायचं, एखादं घेतलं असतंस तर चार लोकांनी तुझं नाव तरी घेतलं असतं.

म्हणून गेल्या वर्षी तू येऊन म्हणालास की आवाज आणि चार तंतुवाद्यांसाठी लिहितोय, शब्द म्हणजे फक्त आपल्या शेतांची नावं, आणि ती गायची मी, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं हेच निघालं की आईची गाणी घेत नाहीस, मग आईची शेतं कशी घेतोस?

तू म्हणालास, "गाणी तिच्याकडे होती. शेतं कोणाकडेच नाहीत."

तरी गाणार नाही हे मी सांगून टाकलं. तू हट्टाला पेटलास. भांडताना आपण दोघं नेहमी गावच्या बोलीवर यायचो. शेजारच्या कुलकर्णीबाईंना वाटायचं, गावाकडचं कोणी आलंय. "मी नाय गानार." "तुलाच गावा लागंल." "माजा गला बग, मंग बोल." "गलाच बगतंय मी." तू म्हणालास, तयारीची एखादी मुलगी गाईल तर ती नावं गाईल, शेतं येणार नाहीत. मी म्हटलं, शेतं नाहीच येणार, लोक येतील, आणि घरी जाताना म्हणतील बिचारीचा आवाज गेलाय. या मतावरून मी आजही हललेले नाही.

तरी मी गायले, ते कसं झालं हे तुला माहीत आहे आणि तू शेवटपर्यंत कबूल केलं नाहीस. तू एका रविवारी कागद घेऊन आलास, मी भाजी निवडत होते, आणि तू स्वतःच नावं गायला लागलास. इतका भीषण आवाज देवानं संगीत लिहिणाऱ्या माणसाला का द्यावा? वडाखालचं, दगडी कशीबशी झाली. तू "चोंढा" असा काही म्हणालास की जणू कोणी दार आपटलं. मी म्हटलं, "असा नाय म्हनत. चों लांब. ढा तिथंच पडतो, चिखलात पाय पडतो तसा." आणि म्हणून दाखवला. म्हणून दाखवला तो सुरात. श्वास निसटला, सूर फाटला, पण चोंढा झाला.

तू मान खाली घालून कागदावर काहीतरी खोडलंस आणि लिहिलंस. मग विचारलंस, "आणि लांबोळी?"

मी म्हणते, तू मला फसवलंस. तू म्हणायचास, मला खरंच गाता येत नाही, त्यात फसवणूक कसली.

तालमी तुझ्या फ्लॅटवर, वडाळे तलावाजवळ. मेघना आता मोठी झालेली, स्वतःची चार जणांची मंडळी घेऊन वाजवणारी. चोंढा कुठं होता ते तू तिला पहिल्याच तालमीत सांगून टाकलंस. तिच्याबरोबर दुसरं व्हायोलिन, व्हिओला, चेलो. तुझ्या त्या हॉलमध्ये चार खुर्च्या मांडल्या की मला उभं राहायला स्वयंपाकघराचा उंबराच उरायचा. नव्या विमानतळावरून विमानं डोक्यावरून जायला लागली होती. पहिलं विमान आलं तेव्हा मेघना गज उचलून थांबली. तू म्हणालास, थांबू नका, त्याला जायचंय, जाऊ दे, आपल्यालाही जायचंय. सगळे हसले. मी पुष्कळ वर्षांनी तुझ्या कागदावर उभी होते आणि मला लाज वाटत नव्हती. हे मी कोणाला सांगितलं नाही, तुलाही नाही. तू लगेच डोक्यावर बसला असतास.

राहिलं होतं ते शेवटचं नाव. रुसवी.

रुसवी एका वर्षी पिकायची आणि पुढच्या वर्षी रुसायची. आई तिच्या बांधावरून जाताना आवाज खाली आणायची. "औंदा रुसलीय ती, तिला बोलू नका." ज्या वर्षी ती सरकारात गेली, त्या वर्षी अशी पिकली होती की आईनं कणगीजवळ उभी राहून डोळे पुसले. तू ती सगळ्यात शेवटी ठेवली होतीस. आधी लांबोळीची लांबच लांब ओळ, तिच्यात माझा सगळा दम जायचा. मग चारही वाद्यं थांबायची. आणि त्या गप्प जागेत मी एकटीनं, सगळ्यात खालच्या सुरात म्हणायचं, रुसवी.

तालमीत ते कधीच धड आलं नाही. कधी खोकला आला, कधी नुसतं घोगरं काहीतरी. मी म्हटलं, हे नाव काढ, लांबोळीवर संपव. तू म्हणालास, नाही.

त्या गुरुवारी तुझा फोन आला तो जवळ्याच्या चटणीसाठी. रविवारी तालमीला येताना घेऊन ये, लसूण जास्त घाल. मग आपण पुन्हा रुसवीवर आलो. मी सांगितलं, लांबोळीनंतर मला दोन श्वासांची जागा दे, नाहीतर नाव गाळ. तू दोन्हीला तयार नव्हतास.

"दम संपतो तिथंच ते नाव आहे, नलू. निघेल तसं निघू दे."

"मी लोकांपुढं खोकत उभी राहणार नाही."

"खोकला आला तर खोकला."

"तुझं काय जातं?"

मग म्हणालास, बघू, आल्यावर बोलू. मी रागातच फोन ठेवला. आपल्या रीतीप्रमाणे ठेवला, काही विशेष नाही. आपले निम्मे फोन तसेच संपायचे. म्हणून मी त्याबद्दल स्वतःला दोष देत नाही. फक्त तुला म्हणायचं होतं का पुढे काही, एवढंच मनात येत राहतं.

शुक्रवारी दुपारी तुझ्या शेजारच्या पाटीलकाकांचा फोन आला. कामाला येणाऱ्या बाईनं बेल वाजवली, दार उघडेना, त्यांच्याकडच्या चावीनं उघडलं. तू टेबलाशी खुर्चीत होतास. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, कळलंही नसेल. सगळ्यांच्या माणसांबद्दल ते असंच सांगत असतील. मी विश्वास ठेवायचं ठरवलंय.

चटणी करून ठेवली होती. ती नंतर मीच संपवली, रोज थोडी थोडी. लसूण खरंच जास्त झाला होता.

दिवस झाल्यावर मेघना आली. बराच वेळ रडली, मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "मावशी, हॉल बुक आहे, पण कॅन्सल करू शकतो, तुम्ही प्रेशर घेऊ नका." मी विचारलं, मी नाही गायले तर काय करणार होता तुम्ही? ती चाचरत म्हणाली, "सर म्हणाले होते, मावशी नाही म्हणाल्या तर व्हिओलावर घ्या. पण मग मला बोलवू नका, मी ऐकायला येणार नाही, असंही म्हणाले."

मला हसू आलं, दादा. तू गेल्यापासून पहिल्यांदा. आणि हसता हसताच गळ्यातून तो दोन आवाजांचा आवाज आला, तुला आवडायचा तो, आणि मेघना माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, गाते.

तिनं विचारलं, शेवट कोणता ठेवायचा, रुसवी धरून की गाळून? आपलं भांडण सगळ्यांना तोंडपाठ होतं. मी म्हटलं, वाद्यं सरांनी लिहिलंय तिथं थांबवा. पुढचं मी बघते.

काल तो कार्यक्रम झाला. नाट्यगृहाचा छोटा हॉल, अर्धा भरला होता. तुझे विद्यार्थी, त्यांचे आईवडील, मुंबईचे काही लोक. नामदेव बायकोला घेऊन आला होता, पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. सुरुवातीला कोणीतरी तुझ्याबद्दल बोललं, त्यात पुन्हा व्हायोलिनवादक आलं. माइकवाल्यानं माझ्या तोंडाजवळ माइक आणला तेव्हा माझा श्वास सगळ्या हॉलभर ऐकू गेला. मी त्याला तो लांब करायला सांगणार होते. मग राहू दिला. तुला तेच हवं होतं.

वडाखालचं. दगडी. चोंढा. मेघना वाजवत होती आणि मी चोंढा म्हणत होते, आणि हिच्या जुन्या घराच्या जमिनीचंच नाव मी घेतेय हे त्या हॉलमध्ये तिला आणि मला ठाऊक होतं, दुसऱ्या कोणाला नाही. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तू तिला चांगलं शिकवलंयस. लांबोळीत माझा सूर दोनदा फाटला. मला वाटलं होतं तेवढं ते जिव्हारी लागलं नाही. दम कमी कमी होत गेला, ओळ संपली, आणि चारही वाद्यं थांबली.

मी रुसवी गाणार होते. हे तुला सांगायला हवं. लांबोळीच्या मध्यावर कधीतरी माझं ठरलं होतं की खोकला आला तर खोकला. उरला होता तेवढा श्वास घेतला, ओठ रु-साठी गोल केले. आणि काहीच आलं नाही. सूर नाही, खोकला नाही, घोगरंही नाही. मी तशीच उभी. हॉल इतका गप्प की बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. मेघनाचा गज हवेत होता. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग तिनं गज खाली घेतला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लोक भेटायला आले. मुंबईचे एक गृहस्थ म्हणाले, शेवटची शांतता फार संयमानं धरलीत. एका विद्यार्थ्याच्या आईनं माझे दोन्ही हात हातात घेतले. नामदेव म्हणाला, चांगला झाला, आणि गाडी कुठं लावली ते शोधायला गेला. मेघना गळ्यात पडून म्हणाली, "मावशी, सरांना हवं होतं तसंच झालं." मी विचारलं, कसं? ती गोंधळली, म्हणाली, म्हणजे, सुंदर. मी नाव गाळलं की ते आलं नाही, हे तिलाही कळलेलं नव्हतं, आणि तिनं विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही. तू असतास तर अभिनंदन वगैरे न करता, माणसांना बाजूला सारत आला असतास आणि सगळ्यांच्या देखत विचारलं असतंस, "गाळलीस, का आली नाही?" मग आपण घरी पोचेपर्यंत भांडलो असतो, की हा शेवट तुझा म्हणायचा की माझा.

मी रिक्षानं एकटी घरी आले. लेकीचा फोन आला, कसं झालं? मी म्हटलं, छान झालं.

आली नाही, दादा. मी गाळली नाही, ती आली नाही. दुसऱ्या कोणाला हे सांगायचं तर आधी ते शेत सांगावं लागेल, मग आई, मग तू.